हंगाम संपल्यावर समुद्राकाठी आठ-दहा दिवस
(लहान मुले घेऊन जाणाऱ्या सभासद कुटुंबांसाठी)



गळीत हंगाम संपला की कारखान्याचा भोंगा थांबतो आणि लगेच ओव्हरहॉलिंगची लगबग सुरू होते. मिलचे रोलर उतरवतात, बॉयलरच्या नळ्या साफ करतात, टर्बाइन उघडून पाहतात. चार-पाच महिने अहोरात्र चाललेल्या यंत्राला उसंत आणि देखभाल मिळाली नाही तर पुढच्या हंगामात ते ऐन वेळी दगा देते, हे तुम्हां-आम्हां सर्वांना पटलेले आहे. त्यावर मोठा खर्च होतो, आणि वार्षिक सभेत त्याला कोणी हरकत घेत नाही.

हाच न्याय आपण आपल्या घरातल्या माणसांना का लावत नाही? लागणीपासून तोडणीपर्यंत ऊस वर्ष-दीड वर्ष रानात उभा असतो. त्याच्यामागे घरधनी राबतो आणि घरधनीण त्याहून जास्त राबते. रात्रीची वीज असली की रात्री दारे धरावी लागतात. तोडणीची टोळी केव्हा येईल याचा भरवसा नसतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने कामगाराला वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा मिळवून दिली. शेतकऱ्याची रजा कोण मंजूर करणार? अर्जही त्याचाच आणि शेराही त्याचाच. म्हणून तो अर्ज जन्मभर टेबलावर पडून राहतो.

आपण फिरायला जातच नाही असे नव्हे. जीप ठरवतो, पंधरा माणसे कोंबतो, दोन दिवसांत पाच देव करतो आणि तिसऱ्या पहाटे घरी येऊन गोठ्यात शिरतो. देवदर्शन झाले हे चांगलेच झाले. पण लहान लेकरांच्या वाट्याला काय येते? रांग, गर्दी, ऊन आणि जीपमधली झोप. घरातल्या बाईच्या वाट्याला तेच लेकरू काखेत आणि डब्याची पिशवी हातात.

या लेखात सांगायचे आहे ते एवढेच. वर्षातून एकदा, निदान दोन-तीन वर्षांतून एकदा, मुलाबाळांना घेऊन समुद्राकाठच्या एकाच गावी आठ-दहा दिवस राहावे. पळापळ करू नये. आणि जाताना समुद्राची रीत नीट समजून घ्यावी, कारण आपण विहिरीत पोहणारी माणसे आहोत आणि समुद्र म्हणजे विहीर नव्हे.

आपला समुद्राशी काय संबंध?

कोणी म्हणेल, धाराशिव जिल्ह्याच्या माणसाला समुद्राचे काय? तर आपले तेर आठवावे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची माहिती देणारे 'पेरिप्लस' नावाचे पुस्तक लिहिले. त्यात 'तगर' म्हणजे आपले तेर येते. तगराहून कापड गाड्यांत भरून भडोच बंदराला जात असे आणि तेथून जहाजांतून परदेशी. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती गावच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयामुळे आपल्या परिचयाची आहे. तशाच घडणीची मूर्ती इटलीत पाँपेई येथे, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या शहरात, सापडली. म्हणजे आपल्या तेरणाकाठच्या माणसांच्या हातचा माल समुद्र पाहून आला. आपण मात्र अजून पाहिला नाही!

आजही रस्ता दारातूनच जातो. तुळजापूरवरून जाणाऱ्या रत्नागिरी-नागपूर महामार्गाला लोक मिऱ्या-नागपूर महामार्ग म्हणतात. हे मिऱ्या म्हणजे रत्नागिरीचे बंदर. ज्या रस्त्याने आपण सोलापूरला बाजाराला जातो, त्याच रस्त्याचे दुसरे टोक समुद्राला टेकलेले आहे.

गिरणगावांची सुट्टी

इंग्लंडात लँकेशायर नावाचा भाग कापडगिरण्यांसाठी प्रसिद्ध होता. तेथे एकोणिसाव्या शतकात एक पद्धत रुळली. गावाच्या जुन्या जत्रेच्या आठवड्यात त्या गावच्या सगळ्या गिरण्या एकदम बंद ठेवीत. तेवढ्यात बॉयलर-यंत्रांची दुरुस्ती होई आणि कामगार बायकामुलांसह समुद्राकाठी जात. एका गावाचा आठवडा एक, तर दुसऱ्याचा दुसरा. १८४६ साली ब्लॅकपूल या समुद्राकाठच्या गावाला रेल्वे पोहोचली आणि पुढे लाखो कामगार तेथे जाऊ लागले.

हे कामगार काही श्रीमंत नव्हते, आणि त्या आठवड्याचा पगारही त्यांना मिळत नसे. इंग्लंडात भरपगारी सुट्टीचा कायदा झाला तो १९३८ साली; फ्रान्समध्ये १९३६ साली. मग जमले कसे? गिरणीगिरणीत आणि गल्लीगल्लीत त्यांनी बचतमंडळे काढली होती. दर आठवड्याला थोडे पैसे टाकायचे आणि सुट्टीच्या आधी ती रक्कम घेऊन निघायचे. आपल्या भिशीसारखेच की हे! सहकारात वाढलेल्या माणसाला याहून सोपी गोष्ट कोणती? हिशेबाकडे पुढे येऊच.

केव्हा जावे, रान कोणी पाहावे

वेळेचा मेळ घालणे हे सर्वांत अवघड काम. दिवाळीच्या सुट्टीत हंगामाची तोंडे उघडतात. जानेवारीत हवा उत्तम असते, पण शाळा चालू आणि तोडणीही चालू. तेव्हा उरतो मे महिना. मुलांना सुट्टी असते, ऊस गेलेला असतो, खोडव्याचे पाचट आवरून झालेले असते. पहिल्या आठवड्यापासून वीस-बावीस तारखेपर्यंतचे दिवस धरावेत. त्यानंतर समुद्र खवळू लागतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते. आणि आपल्यालाही मृगाच्या आत सोयाबीनच्या रानाची मशागत उरकायची असते.

पण उभ्या उसाला पाणी कोण देणार? गुरांचे काय? याचे उत्तर आपल्या वाडवडिलांनी देऊन ठेवले आहे: सावड. पेरणीला सावड करतो, खळ्याला करत होतो, तशी सुट्टीलाही करावी. दोन घरांनी ठरवावे. एक घर पहिल्या पंधरवड्यात जाईल, दुसरे त्याची दारे धरील आणि धारा काढील. पुढच्या खेपेला उलट. आमच्या शेजाऱ्याच्या घरी लग्न होते तेव्हा आम्ही पंधरा दिवस त्याचे रान सांभाळले होते. ते त्याने नऊ दिवसांत फेडले, आणि वर म्हणाला, "सहा दिवस अजून बाकी हायेत बघा." ज्यांचे ठिबक आहे त्यांना तर हे आणखी सोपे. वाल्व्ह फिरवायला एक भरवशाचा माणूस पुरतो.

कोठे आणि कसे

कोकणात राहण्याजोगी गावे पुष्कळ. दापोलीजवळचे मुरुड, हर्णे, गुहागर, वेळणेश्वर, मालवण, तारकर्ली, ज्याला जे सोयीचे ते. आम्ही गेलो ते गणपतीपुळे-मालगुंडच्या बाजूला. कारण साधे: आईला गणपतीचे दर्शन हवे होते, मुलांना पाणी हवे होते, आणि दोन्ही एका ठिकाणी होते. देऊळ डोंगराच्या पायथ्याशी अगदी समुद्रासमोर आहे. डोंगर हाच देव मानतात, म्हणून प्रदक्षिणा डोंगराला घालतात. ती सुमारे एक किलोमीटरची. मालगुंड तेथून चालत जाण्याच्या अंतरावर. कवी केशवसुतांचा जन्म १८६६ साली याच गावी झाला. शाळेच्या पुस्तकात ज्यांचे नाव वाचले त्यांचे स्मारक मुलांना पाहायला मिळते.

अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट उतरून रत्नागिरी. लहान मुले असतील तर एका दमात जाऊ नये. कोल्हापूरला मुक्काम करावा, अंबाबाईचे दर्शन घ्यावे, आणि सकाळी ताज्या पोटाने घाट उतरावा. ताज्या पोटाने म्हणजे थोडे खाऊन. तुडुंब जेवून नव्हे. घाटात वळणे फार आहेत, लेकरे ओकतात. रेल्वेने जायचे असेल तर धाराशिवहून कुर्डुवाडी-पंढरपूर-मिरज मार्गे कोल्हापूरला गाडी आहे. ती रोज नसते, म्हणून स्टेशनवर वार विचारून घ्यावा. कोल्हापूरहून पुढे एस.टी.

राहण्यासाठी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवास आहे, खाजगी लॉज आहेत, आणि घरगुती सोयही होते. घरगुती सोयीत घरमालकीण जेवण करून वाढते. आमचे मत विचाराल तर शेवटची सोय उत्तम. स्वयंपाकघरासकट खोली घेतली तर स्वस्त पडते हे खरे, पण मग आपल्या घरची बाई तेथेही चुलीपुढेच बसते. तिची सुट्टी झाली कोठे? पुरुष मंडळींनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. नऊ दिवस सकाळी उठून कोणाला भाकरी थापायची नाही, हे सुख आमच्या घरच्या दोन्ही सुनांना लग्नानंतर प्रथमच मिळाले. दुसऱ्या दिवशीपर्यंत दोघींना चुकल्यासारखे होत होते. तिसऱ्या दिवसापासून त्या समुद्रावर जाण्यात मुलांच्याही पुढे!

मुले समुद्राला कशी सरावतात

आमच्यात मुले चार: मोठी मुलगी नऊ वर्षांची, मग सहा आणि चार वर्षांचे दोघे, आणि धाकट्या भावाचे दीड वर्षाचे. आठ-दहा दिवस का राहावे याचे उत्तर या चौघांनी दिले.

पहिल्या दिवशी समुद्राचा आवाज ऐकूनच दोघे धाकटे मागे फिरले. चार वर्षांच्याने आजीचा पदर धरून विचारले, "आज्जी, ह्येला बांध कुठं हाय?" प्रश्न बरोबर होता. त्याने पाहिलेल्या प्रत्येक पाण्याला बांध, काठ किंवा कठडा होता. दुसऱ्या दिवशी ती दोघे ओल्या वाळूपर्यंत आली. तिसऱ्या दिवशी पाय भिजले. चौथ्या दिवशी दीड वर्षाचे लेकरू लाट आली की टाळ्या वाजवू लागले. एका दिवसाच्या सहलीत आपण काय करतो? रडणारे मूल उचलतो आणि "भिऊ नको" म्हणत लाटेत नेतो. त्याची भीती मोडत नाही, पक्की होते. भीती आपल्या पायांनी ओलांडायला मुलाला तीन-चार दिवस लागतात. तेवढे दिवस द्यावे लागतात.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून प्रश्न सुरू झाले. मोठीने विचारले, "आपली तेरणा ह्यालाच मिळते का?" नाही. तेरणा मांजराला मिळते, मांजरा गोदावरीला, आणि गोदावरी पार पूर्वेकडे बंगालच्या उपसागराला. सीना आणि बोरी भीमेला मिळतात, भीमा कृष्णेला, आणि कृष्णाही पूर्वेकडेच जाते. म्हणजे आपल्या शिवारातले पाणी या समुद्रात येत नाही. पण या समुद्राचे पाणी आपल्या शिवारात येते! मृगाचे ढग येथूनच उठतात. वाटेत सह्याद्री आडवा येतो आणि बहुतेक पाणी अलीकडेच सांडते. म्हणून रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि आपल्याकडे सात-आठशेच्या आसपास. तोही येईल त्या वर्षी. १९७२ चा दुष्काळ आजीने भोगलेला, २०१५-१६ चा आम्ही. पुस्तकात पर्जन्यछायेचा प्रदेश असे वाचून मुलीला काही कळले नव्हते. आंबा घाट उतरताना हिरवे रान पाहिले आणि किनाऱ्यावर उभे राहून पश्चिमेकडे बोट केले, तेव्हा कळले.

सहा वर्षांच्याचा प्रश्न सरळ होता: "एवढं पाणी हाय, तर मोटार लावून आपल्या उसाला का न्यायचं न्हाई?" त्याला चूळभर पाणी चाखायला दिले. थुंकला. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. लिटरला दोन-तीन ग्रॅम क्षार असलेल्या पाण्यावरसुद्धा ऊस खुरटतो. पाणी वारेमाप दिल्याने आपली कित्येक चांगली राने चोपण झाली, वर पांढरी साय आली, ती का आली हेही त्याला त्याच ठिकाणी सांगता आले. नऊ दिवसांत आम्ही कोणाला शिकवायला बसलो नाही. शिकणे आपोआप होत गेले, कारण कोणाला घाई नव्हती.

समुद्र म्हणजे विहीर नव्हे

आता सर्वांत महत्त्वाचे. हा भाग मंडळींनी घरी मोठ्याने वाचून दाखवावा.

गणपतीपुळ्याच्या आणि कोकणातल्या इतर किनाऱ्यांवर पर्यटक बुडाल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत येतात. त्यांत घाटावरून आलेली तरुण माणसे पुष्कळ असतात, आणि त्यांतल्या काहींना पोहता येत असते. विहिरीत सूर मारणारा माणूस समुद्राला भीत नाही. तेच घातक ठरते. विहिरीचे पाणी जागच्या जागी असते, दोन हातांवर कडा असतो. समुद्राचे पाणी चालते.

लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जायला वाट शोधते. जेथे वाळूत खोलगट पन्हळ झालेली असते तेथून ते एकवटून जोराने आत जाते. पाटाचे दार फोडल्यावर पाणी जसे धावते तसे. गंमत अशी की त्या ठिकाणी लाटा कमी फुटतात, म्हणून वरून ते पाणी शांत दिसते. नवखा माणूस "इथं बरं आहे" म्हणून नेमका तेथेच उतरतो. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये, दम संपतो. अंग पाण्यावर तरते ठेवावे, हात वर करून हाक द्यावी, आणि किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत ओढीच्या पट्ट्यातून बाहेर पडावे. मग लाटांबरोबर किनाऱ्याकडे यावे.

आमच्या मुक्कामात एके सकाळी असाच प्रसंग पाहिला. घाटावरचीच मंडळी होती, ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब घेऊन आलेली. दोन पोरे ट्यूबवर बसली. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्याला मतलई वारा म्हणतात. बघता बघता ट्यूब आत जाऊ लागली. पोरांच्या बापाला कंबरेपलीकडे जाता येईना. नशिबाने एक होडी किनाऱ्याला लागत होती. तिच्यातल्या माणसांनी पोरे काढून आणली. बाप वाळूत बसून रडला. ट्यूब मात्र गेली ती गेलीच, दुपारपर्यंत ठिपक्यासारखी दिसत होती.

म्हणून आम्ही घरात पाळलेले नियम सांगतो:

१. मुलाने आपल्या गुडघ्यापर्यंतच्या पाण्यातच राहायचे. मोठ्या माणसाने मुलाच्या आणि समुद्राच्या मध्ये उभे राहायचे, तोंड मुलाकडे आणि कान लाटेकडे.

२. दोन मुलांमागे एक राखणदार. राखण म्हणजे राखण. हातात मोबाइल नाही, गप्पा नाहीत. अर्ध्या तासाने राखणदार बदलायचा.

३. ट्रॅक्टरची ट्यूब घरीच ठेवायची.

४. पाण्यात उतरण्याआधी जीवरक्षकाला किंवा गावच्या कोळ्याला विचारायचे, आज कोठे उतरावे. धोक्याचा फलक लावलेल्या जागी पाय ठेवायचा नाही.

५. ओहोटी लागली की ओढ वाढते, तेव्हा मुलांचा खेळ वाळूत. अंधार पडल्यावर कोणीही पाण्यात नाही.

६. दारू घेतलेल्या माणसाच्या हाती मूल द्यायचे नाही. मग तो सख्खा मामा का असेना.

पंचांगावरून भरतीचा हिशेब

समुद्राला रोज दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, कारण हा सगळा खेळ चंद्राचा आहे. आपल्या घरात पंचांग किंवा कालनिर्णय असतेच. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याचे पाऊणपट करावे, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावस्येला पंधराचे पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. हीच वेळ दिवसाचीही आणि रात्रीचीही. तेथून सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा ढोबळ हिशेब आहे, तासभर इकडेतिकडे होतो, म्हणून गावच्या माणसाला विचारून खात्री करावी. पौर्णिमा-अमावस्येची भरती मोठी असते, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास पाणी त्या मानाने कमी चढते-उतरते. लहान मुले असतील तर मुक्कामाचे दिवस निवडताना हेही पाहावे.

आमच्या मोठ्या मुलीला पाऊणपटीचा पाढा शाळेत कधी आवडला नव्हता. येथे ती रोज सकाळी आज भरती किती वाजता ते सांगू लागली. आजी तिथी सांगायची आणि नात हिशेब करायची.

ऊन, पोट आणि पाणी

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो. कोकणात तो तेवढा चढत नाही, पण हवा दमट असते, घाम वाळत नाही आणि मुलांच्या अंगावर घामोळ्या उठतात. सुती, सैल कपडे न्यावेत. समुद्रावर जायचे ते सकाळी नऊच्या आत आणि दुपारी साडेचारनंतर. मधल्या वेळी जेवण, झोप, पत्ते, गोष्टी. हा मधला वेळ फुकट जातो असे समजू नये. आई दुपारी दोन तास निजलेली आमच्या मुलांनी पहिल्यांदा पाहिली. समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने अंघोळ घालावी, नाहीतर मिठाने अंग खाजते.

खाण्याचे म्हणाल तर तेथे ज्वारीची भाकरी सहसा मिळत नाही. म्हातारी माणसे असतील तर चार-पाच किलो ज्वारीचे पीठ सोबत न्यावे. घरमालकीण आनंदाने भाकरी करून देते, आणि बदल्यात तुमच्या बायकांकडून थापायची रीत शिकते. मुलांना मऊ भात, तांदळाची भाकरी, घावन चालतात. कोकमाचे सरबत उन्हावर चांगले. आंबे, फणस, काजूगर यांचे दिवस असतात, पण पहिल्याच दिवशी सगळे पोटात ढकलू नये.

जुलाब-उलट्या झाल्या तर दुकानात मिळणारी क्षारसंजीवनीची पुडी द्यावी. ती नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. थोडे थोडे पाजत राहावे. साखर आपल्याच कारखान्याची असली तर उत्तमच! मूल मलूल झाले, लघवी कमी झाली, तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा. जेली माशाचा चटका बसला तर ती जागा चोळू नये, समुद्राच्याच पाण्याने धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी.

मध्ये एखादा दिवस रत्नागिरीला जावे. टिळकांचे जन्मस्थान पाहावे. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत करून पुढे रत्नागिरीत कैदेत ठेवले. १९१६ साली तो तेथेच वारला. त्याचा राजवाडा आहे. मत्स्यसंग्रहालय तर मुले सोडायलाच तयार होत नाहीत. पण असा दिवस एकच, फार तर दोन. नाहीतर पुन्हा पळापळ सुरू होते.

खर्चाची तरतूद

उसाचे बिल आले की त्याला पाय फुटतात. सोसायटीची वसुली, खताचे दुकान, शाळेची फी, कोणाचे तरी लग्न. त्यातून सुट्टीसाठी काढू म्हटले तर निघत नाही. म्हणून लँकेशायरच्या कामगारांसारखे आधीपासून बाजूला टाकावे. गावातल्या दहा-बारा घरांनी मिळून सुट्टीची भिशी करावी, किंवा पतसंस्थेत आवर्ती ठेव काढावी. महिना एक हजार टाकले तर वर्षाला बारा हजार आणि दोन वर्षांत चोवीस हजार होतात. ज्याला जेवढे झेपेल तेवढे. रक्कम एप्रिलअखेर हाती यावी असे पाहावे. भिशीचे पैसे असल्याने घरात कोणी "त्यातून बियाणं आणू" म्हणत नाही, हा त्यातला मोठा फायदा. दोन-तीन घरांनी मिळून गेल्यास गाडीभाडे वाटले जाते आणि मुलांवर नजर ठेवायला माणसेही वाढतात.

महिला सभासदांना एक विनंती. बचत गटाच्या बैठकीत हा विषय काढा. घरातले पुरुष "पुढच्या वर्षी बघू" म्हणतील. मुलांची वये मात्र पुढच्या वर्षासाठी थांबत नाहीत. जे लेकरू आज लाट पाहून टाळ्या वाजवते, ते दहा वर्षांनी मित्रांबरोबर, एका दिवसासाठी, तुम्हांला न सांगता समुद्रावर जाणारच आहे. त्या वेळी त्याला ओढ म्हणजे काय, भरती केव्हा आणि कोठे उतरू नये हे ठाऊक असावे असे वाटत असेल, तर ते आजच, तुमच्या हाताला धरून, शिकलेले बरे.

आमच्या गावातल्या चार घरांनी भिशी सुरू केली आहे. ज्या सभासदांनी मुलाबाळांसह असा मुक्काम केला असेल त्यांनी आपला अनुभव, राहण्याची सोय आणि झालेला खर्च शेतकी गट कार्यालयात लिहून द्यावा, म्हणजे पुढच्या अंकात इतरांनाही उपयोग होईल. रानाची सावड करायला कोणी जोडीदार शोधत असेल, तर त्यानेही तेथे नाव नोंदवावे.